चौतीस फूट

पौडजवळच्या जुन्या चर्चचे आवार सोमवारी सपाट होणार होते आणि फक्त ओळख पटलेल्या कबरी राखल्या जाणार होत्या. म्हणून तंत्रनिकेतनात शिकलेले निवृत्त ओव्हरसियर शांतवन गायकवाड तीन दिवस पणजोबांची कबर शोधत होते. वडिलांच्या टिपणात स्वच्छ लिहिले होते: चर्चच्या कोपऱ्यापासून सरळ पूर्वेला, चौतीस फूट.

त्याच कोपऱ्याशी उभे राहून त्यांनी टेपचे टोक राखणदार भिकूच्या हाती दिले. "टोक जमिनीला टेकवलंस की दोन झटके दे. मग मी आकडा वाचीन."

"म्हाताऱ्याचं माप घेताय? सदरा शिवताय व्हय त्याला?" भिकू हसत घाणेरीच्या झुडपांत शिरला.

टेप सरसरत गेली. चौतीसवर शांतवनांनी ती अंगठ्याने दाबून धरली. ताणलेल्या टेपला दोन झटके बसले.

"तिथंच खुंटी ठोक!" ते ओरडले.

"कुटं ठोकू?" भिकू त्यांच्या पाठीमागे उभा होता, हातावरचे ओरखडे चोळत. "काटं लई हायेत, सायेब. टोक मी कवाच टाकलं, आन मागनं वळसा घालून आलो."

शांतवनांनी हातातल्या टेपकडे पाहिले. ती तारेसारखी ताठ होती.

मग ती अंगठ्याखालून सरकू लागली. पस्तीस. छत्तीस. झुडपांतले एक पानही हलले नाही. टेप पुढे जात नव्हती, खाली जात होती.

"सोडा ती," भिकू कुजबुजला. पण इतकी शोधलेली जागा शांतवनांना सोडवेना.

चाळीस फुटांवर टेप थांबली आणि तिला सावकाश दोन झटके बसले.