बुडालेली वाटी

“झुवैना, वाटी बुडाली! पाणी वळव!” खलफानकाका ओरडले.

वाळवंटातल्या त्या खजुराच्या गावात झरा एकच. उंटांचे तांडे यायचे तेव्हापासून त्याचं पाणी वाटीने मोजत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी हौदात तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली, की पाट दुसऱ्याच्या बागेकडे वळवायचा. ती वाटी जन्मभर काकांनी सांभाळली. कुणी बोट दाखवू नये म्हणून स्वतःच्या बागेचं पाणी मात्र ते वाटी बुडायच्या आधीच वळवत. त्यावरून त्यांची बायको, शम्साकाकू, भांडायच्या. “अख्ख्या गावाचा खजूर मधासारखा आणि आमच्या खजुरात नुसती बी!”

आता काकांची नजर गेली होती. आजपासून वाटी शेजारच्या झुवैनाकडे होती आणि पहिली पाळी काका-काकूंच्या बागेची होती.

“अगं, डुबुक ऐकलं मी! पुढची पाळी राशिदची.”

झुवैनाने राशिदकडे पाहिलं. थेंबभर पाण्यासाठी गावाशी भांडणारा राशिद फावड्यावर रेलून उभा होता. हौदाच्या तळाशी वाटी स्वच्छ दिसत होती.

“तरंगतेय की अजून,” राशिद म्हणाला. पाळीला थांबलेलं दुसरं कुणीही काही बोललं नाही.

काका उठले. मग चाचपडत पाटापाशी आले, काकूंशेजारी बसले आणि त्यांनी वाहत्या पाण्यात पाय सोडले.

“कानही गेले वाटतं माझे.”

“जरा लवकर जायला हवे होते,” काकू म्हणाल्या.