दारातून दिसतं ते

"वही कोनाकडं हाय?" देवकीने अंगणातूनच आवाज दिला.

शेजारची वत्सलाकाकी नाचणीचं पीठ चाळत होती. तिने मान वर केली नाही. "असंल कोनाकडं तरी."

"कोनाकडं तरी म्हंजे? तीन महिने झाले, पाडाभर फिरली. आमचंच घर सोडलंत. वाळीत टाकलंय काय आमाला?"

काकी चाळत राहिली.

शाळेतल्या समीक्षाबाईंनी ही चित्रांची वही सुरू केली होती. पाड्यात बारा घरं. प्रत्येक घराने आठ दिवस वही ठेवायची, घरातल्या कुणीही एक चित्र काढायचं आणि वही पुढे द्यायची. नियम एकच, आपल्या दारातून दिसतं ते काढायचं. सगळ्यांचं मिळून पाड्याचं चित्र होणार होतं. उद्या ते मुरबाडला मांडणार होते, मोठी माणसं बघायला येणार होती.

आणि देवकीला वगळलं होतं. अख्ख्या पाड्यात चित्राचा खरा हात तिचा. आश्रमशाळेत असताना तिने बक्षिसं आणलेली. लग्नघराची भिंत रंगवायला पूर्वी तिलाच बोलवायचे, पण यंदा पाड्यातल्या रुपालीच्या लग्नात त्यालाही कुणी बोलावलं नाही. तिचं घर पाड्याच्या मधोमध. म्हणजे वही या दारातून त्या दारात गेली ती तिच्याच अंगणातून, तिच्या नाकावर टिच्चून! ज्यांना धड बादली काढता येत नाही त्यांची चित्रं मुरबाडला जाणार, आणि हिने बघत बसायचं.

ती तणतणत घरी आली. नवरा किशोर टेम्पोवर, पंधरा दिवसांनी उगवायचा. घरात ती आणि सासू, दोघीच. सकाळी सहाची जीप पकडायची, कारखान्यात आठ तास उभं राहायचं, आल्यावर म्हातारीचं जेवणखाण, आंघोळपाणी. एवढं करून कुणाला किंमत आहे? कुणाला नाही.

सासू धोंडीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आई, वही आपल्याकडं आलती?"

"नाय गो." म्हातारी सूप घेऊन भिंतीकडे सरकली.

"खरं सांगा."

"नाय गो बाय, देवाशपथ." सूप हिंदकळलं, मूठभर तांदूळ खाली सांडले. म्हातारी घाईघाईने एकेक दाणा वेचू लागली.

देवकी तशीच वळली आणि या वेळी थेट काकीच्या घरात शिरली. फळीवर पिठाच्या डब्यामागे वहीचा कोपरा दिसत होता.

"असंल कोनाकडं तरी, ना? द्या ती इकडं."

काकी आडवी आली. "देवके, नको. उद्या बाईंच्या हातात जाऊ दे, मग बग."

"आत्ताच बघनार. मला का वगळलं ते तोंडावर सांगा. हिंमत हाय का?"

"तोंडावर सांगितलं तर तू राग कोनावर काढशील?" काकीचा आवाज एकदम चढला. "वड्याचं तेल वांग्यावर काढनारी तू!"

"मी? मी मर मर मरते या घरासाठी, आनि तुमी मलाच बोलता?" देवकीच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. बारा घरांच्या पाड्यात तिला एक पान मिळू नये! तिने काकीला बाजूला सारलं, वही ओढून घेतली आणि उंबऱ्यातच बसली. काकीने मग तिला अडवलं नाही.

पहिलं चित्र पलीकडच्या घरातल्या वाळूदादाने काढलेलं होतं. काड्यांसारखी दोन माणसं, एक उभं, एक आडवं. कोण, काय, काही कळत नव्हतं. देवकीला हसूच आलं. दुसरं पान अंजूचं. अंजूचा हात जरा बरा होता. ते पान देवकीने बराच वेळ पाहिलं. मग ती भराभर पानं उलटू लागली.

अकरा घरं, अकरा हात, आणि प्रत्येक पानावर तिचंच अंगण होतं. अंगणात धोंडीबाई पडलेली, आणि तिच्यावर हात उगारून देवकी उभी. उगारलेल्या हातात काय होतं, तेवढंच प्रत्येकाने वेगळं काढलं होतं. कुणी फुंकणी, कुणी खराटा, कुणी चप्पल.