धोंडबाचं मशीन

"धोंडबा?" मार्तंडराव खुर्चीतून उठलेच. "याच्यात धोंडबा कसा शिरला वं?"

कम्प्युटरवर पाटी झळकत होती. ‘धोंडबा’ नावाचं हे मशीन दुसऱ्या कम्प्युटरशी जोडलेलं आहे. इथं जोडायचं असेल तर मशीनमधलं आधीचं सगळं पुसलं जाईल.

मशीन म्हणजे गाणी ऐकायचं, मुठीत मावेल एवढं खेळणं. दिवाळीच्या पाडव्याला यमुताईनं नवऱ्याला ओवाळलं, तेव्हा त्यांनी ते सोनेरी कागदात गुंडाळून तबकात टाकलं होतं. "नवं कोरं आहे. खास बंगलोरहून मागवलं. सील मीच फोडलं," असंही सांगितलं होतं. यमुताईनं ते चालू केलं. मशीनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही. आनंदानं बाईची वाचाच बसली, असं मार्तंडरावांनी साऱ्या नंदनवन कॉलनीत सांगितलं.

तेव्हापासून मशीन तिच्या हातून सुटत नव्हतं. झोपतानाही उशाखाली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आज सकाळी मात्र तिनं आपणहून ते पुढं केलं. "याच्यात नवीन कीर्तनं भरून द्या नं."

मग काय. मार्तंडरावांनी वायर लावली. कम्प्युटर ढिम्म. वायर काढून फुंकर मारली, उलटी केली, दुसऱ्या भोकात घातली. कम्प्युटर बंद करून चालू केला. त्याच्या डब्यावर दोन थापा मारल्या. तिसऱ्या थापेला ही पाटी आली.

धोंडबा नरखेडचा. यमुताईच्या माहेराला लागूनच त्याचा संत्र्यांचा बगीचा. तिचं लग्न त्याच्याशी जवळजवळ ठरलं होतं, पण वडिलांना नोकरीवाला जावई हवा होता, म्हणून मार्तंडरावांचं नशीब उघडलं. धोंडबानं राग धरला नाही. उलट दरवर्षी एसटीनं संत्र्यांची पेटी पाठवतो. आणि संत्री कशी, तर मागच्या साली कंडक्टरनं एकेकाचं हाफ तिकीट फाडलं. मार्तंडराव त्यांना हात लावत नाहीत. आंबट आहेत, म्हणतात. न चाखता. यंदा पेटी यायच्या आधी आपली भेट घरात पाहिजे, म्हणून तर हे मशीन आलं होतं.

"भाऊबीजेले नरखेडले गेली होती, तवा हे संगं नेलं होतं?"

"नेलं होतं नं," यमुताई ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत म्हणाली.

"धोंडबाच्या घरी गेली होती?"

"त्याच्या सुनेनं चहाले बोलावलं होतं. मोठ्ठा कम्प्युटर घेतला म्हणे त्यानं."

"अन् मी देल्लेलं मशीन तू त्याच्या कम्प्युटरले लावलं!"

"मले का समजते त्यातलं?" यमुताईनं मान वर केली नाही. "तुमीच सांगा. मशीन नवं कोरं. सील तुमीच फोडलं. तुमच्या कम्प्युटरले तं आजच लागून राहिलं. मंग नरखेड सोडून ते दुसरं कुठं जुळन?"

मार्तंडराव खोलीत येरझाऱ्या घालू लागले. त्यांचे कान असे तापले की त्यावर पापड भाजून निघाला असता. मशीन नवं. म्हणजे धोंडबा. दुसऱ्या बाजूनं विचार केला. मशीन नवं. म्हणजे धोंडबाच. डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. धोंडबा खुर्चीत बसलाय, मांडीवर संत्री आहेत, आणि त्याच्या कम्प्युटरमधून यमुताईची गाणी वाजताहेत. एवढा सारा संसार झाला, आणि बायकोच्या उशाखाली रोज रात्री धोंडबा!

चालता चालता ते एकदम थबकले. चेहरा फुलला.

"अवं, पण हे मशीन नवं नाहीच!" ते ओरडले. "जुनं आहे! सेकंडहँड! इथल्याच बर्डीच्या बाजारातून घेतलं मी. दुकानदारानं नुसतं पुसून देल्लं, सोनेरी कागद मी लावला. आधीच्या मालकाचं नाव असन धोंडबा! तुह्या धोंडबाचा काही संबंधच नाही!"

आनंदानं त्यांनी टाळी वाजवायला हात उचलले. हात हवेतच राहिले.

यमुताईच्या बोटांतला घाटा थांबला होता.

"सेकंडहँड?"

"हो."

"बंगलोर?"

"बर्डी," मार्तंडराव बारीक आवाजात म्हणाले. "रागावू नको यमू. त्या पेट्यांनी माह्यं डोकं फिरवलं होतं."

स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी मारली, आणि मार्तंडरावांनी खांदे आवळून घेतले. पण भांडण आलंच नाही. यमुताईनं एवढा लांब श्वास सोडला की भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं थेट डिसेंबरपर्यंत फडफडली. मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"म्हंजे ते आधीच्या मालकिणीचं नाव होतं तं!"

"मालकीण?" मार्तंडराव गोंधळले. "धोंडबा का बाई असते?"

"धोंडबा तं मी काल लिहिला, बटनं दाबून दाबून," यमुताईनं डोळे पुसले. "पाडव्याले तुमचं नवं कोरं मशीन चालू केलं, तं त्याच्यावर ‘कामिनी’ लिहून होतं. तवापासून जळून राहिली मी."