इस्त्रीची जागा

"ज्या इस्त्रीने तुझ्या नवऱ्याला लहानाचा मोठा केला, ती पायाशी ठेवू? जीभ कशी वळली गं तुझी?"

सासू गाडीच्या दारातच अडून उभी होती. इस्त्री जुनी, कोळशाची, सात किलोची. दुकान हलवायचं होतं. टेबलाच्या फळ्या डिकीत तळाशी गेल्या होत्या, कोळशाचं पोतं त्यांना टेकवून दोरीने आवळलं होतं. सगळं सुनेने स्वतः लावलं होतं. इस्त्री मात्र सासूने मागच्या काचेखालच्या फळीवर मांडली. अगदी मानाने, देव बसवावा तशी. तिच्या पुढ्यातच सहा वर्षांची नात पट्टा लावून बसली होती.

"आई, ती खाली ठेवल्याशिवाय मी किल्ली फिरवणार नाही."

"परवाना मिळून चार महिने झाले नाहीत, आणि मला शिकवते!"

सून हाताची घडी घालून बसली. ही पोर कमी बोलते, पण हटली तर डोंगर हलेल, ही हलायची नाही. शेवटी सासूने इस्त्री उचलली, पुढच्या सीटच्या मागे, खाली, एक रिकामं पोतं अंथरून ठेवली आणि पाय आखडून नातीशेजारी बसली. पाय लागायला नको. पण हार खाईल ती सासू कसली? सुनेने आरसा नीट करायला मान वळवली, तेवढ्यात गिऱ्हाइकांच्या शर्टांचं गाठोडं तिने त्याच फळीवर सरकवलं. कपड्यांना तरी मान मिळू दे.

गाडी उताराला लागली. पुढे एक टेम्पो होता.

"इतकी मागे का राहतेस? लग्नाची वरात आहे का ही?"

"गाडी भरलेली आहे, आई. रिकाम्या गाडीसारखी थांबत नाही."

आणि टेम्पो थांबला. एकदम, वाटेतच.

सुनेने ब्रेक दाबला. चाकं किंचाळली. मागून काहीतरी उडालं, नातीच्या केसांना चाटून गेलं आणि पुढच्या काचेवर धप्पकन आदळलं. खाली लोखंड सीटच्या पायाला लागलं. ठण्ण.

मग गाडी थांबली.

टेम्पोपासून नेहमीच्या दुप्पट अंतर सोडलं होतं, त्यातलं वीतभर उरलं होतं.

"आजी, शर्ट उडाले!" नात खिदळली. एक बाही स्टिअरिंगवर लोंबत होती.

सासूने मागच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. मग पुढच्या काचेकडे. मग या दोहोंच्या मधोमध असलेल्या त्या एवढ्याशा डोक्याकडे.

सुनेने बाही बाजूला केली. मागे वळून लेकीला पाहिलं, सासूला पाहिलं. "लागलं नाही ना कोणाला?" एवढंच विचारलं. दुसरी असती तर जन्मभर ऐकवलं असतं.

नव्या दुकानाशी मुलगा वाट बघत होता. त्याने मागचं दार उघडलं आणि बघतच राहिला.

"आई, इस्त्री पायाशी? आणि तू ठेवू दिलीस?"

"मग काय पोरीच्या डोक्यामागे ठेवू?" सासू कडाडली. "एवढा घोडा झालास, अक्कल कुठे गहाण टाकलीस? जड वस्तू नेहमी खाली. आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे."

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती चुरगळलेले शर्ट गोळा करत होती.

"हो," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"आजी, हात काढ ना," नात कुरकुरली. "मला उतरायचंय."

तेव्हा कुठे सासूच्या ध्यानात आलं. उतारापासून इथपर्यंत तिचा तळहात पोरीच्या डोक्यामागेच होता.