टाचेखालची नाल

हरलेल्यांनी जिंकलेल्यांना चहा पाजायचा, हा छावणीतल्या रस्सीखेचीचा जुना नेम. म्हणून दुपारी इंजिनिअर पलटणीचे आठही गडी कमरेला स्वयंपाक्यांचे एप्रन बांधून पायदळाच्या मेसमध्ये शिरले, आणि आत एकच हलकल्लोळ झाला.

"या, या! फावडी बाहेर ठेवून या!" कोणीतरी ओरडलं. "चहात सिमेंट नाही ना कालवलं?"

"कालवलंय थोडं," किटली घेऊन पुढे आलेला हवालदार म्हणाला. "आमच्या पुलांवरून कोरड्या पायांनी चालत जाता, तेव्हा बरं गोड लागतं तुम्हाला सिमेंट!"

या हवालदाराला सगळी छावणी पहार म्हणायची. दोराच्या शेवटी कमरेला वेढा घेऊन तो उभा राहिला की हलत म्हणून नसे. त्याच्यापायी वर्षानुवर्षं हेच एप्रन पायदळाच्या कमरेला बसत आले होते. आज पहिल्यांदा पहार हलला. नुसता हलला नाही, दोन्ही टाचा गवतावरून घसरत फरफटत आला.

त्याला ओढणारा पायदळाचा गडी म्हणजे खुंटा. तो आता मधल्या टेबलाशी, पायदळाच्या साहेबांच्या शेजारी, चषक समोर ठेवून बसला होता. पलीकडे बसलेल्या लंबूला हसू आवरत नव्हतं.

खरी गंमत या दोघांनाच ठाऊक होती. परवा मोच्याकडे खुंट्याचे आणि पहारचे बूट शेजारी शेजारी पडले होते. मोची जेवायला गेला. खुंट्याने त्याचीच कानस उचलली आणि पहारच्या टाचांखालच्या लोखंडी नालांची धार घासून गुळगुळीत केली. ती धार जमिनीत रुतायची, म्हणून तर पहार हलायचा नाही. लंबू दारात राखण करत उभा होता. गेल्या वर्षी याच पहारने पायदळाच्या सगळ्या बुटांच्या नाड्या एकमेकींत गुंफून ठेवल्या होत्या, त्याची ही परतफेड. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, चषक परत करायचा आणि पुढे वर्षभर पहारला चिडवायचं, असा बेत होता.

पहारने खुंट्याच्या पेल्यात चहा ओतला. त्याचे तळवे दोराने सोलवटले होते.

"मानलं गड्या. आज तू मला ओढलंस."

"नशीब म्हणायचं," खुंटा म्हणाला.

"नशीब कसलं? पाय गेले माझे. जीव खाऊन जोर लावतोय, पण धरतच नाहीत. एकदा नाही, दोन्ही वेळा." पहार हसला. "बरं झालं, मैदानातच कळलं. खांद्यावर पुलाची तुळई असताना कळलं असतं, तर चार पोरांना घेऊन खाली गेलो असतो."

लंबूने कोपराने ढोसलं. "सांग की आता!"

खुंटा तोंड उघडणार, तेवढ्यात पहार साहेबांकडे वळला. "साहेब, माझा नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज होता ना, दोन वर्षांचा? येता येता आमच्या साहेबांना सांगून आलो, मागे घेतो म्हणून. संध्याकाळच्या टपालाने ते वर कळवतायत."

मेसमधला गलका एकदम बसला.

"अरे, पण धाकटीचं कॉलेज?" साहेबांनी विचारलं. "क्वार्टर सोडावं लागेल."

"राहील तिच्या आत्याकडे. पाय धरत नसताना नुसत्या क्वार्टरसाठी वर्दी घालायची, हे काही मला जमायचं नाही, साहेब."

लंबूचं हसू कुठल्या कुठे गेलं. तो अर्धवट उठला. "साहेब, ते जरा—"

खुंट्याने टेबलाखालून त्याचा गुडघा घट्ट दाबला. लंबू खाली बसला आणि त्याने खुंट्याकडे असं काही पाहिलं की खुंट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी साहेबांनी सगळ्या पलटणीसमोर त्याला मिठी मारली होती. घरी फोन करून वडिलांना सांगून झालं होतं, आणि म्हातारा रडला होता. टपाल अजून निघालं नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य घशाशी येऊन बसलं होतं, आणि खुंटा चहाच्या घोटांबरोबर ते खाली ढकलत होता. स्वतःची त्याला किळस आली, आणि तरी त्याने पेला पुन्हा तोंडाला लावला.

पहारने किटली टेबलावर ठेवली आणि काखेत धरलेली पिशवी सोडली. आतून त्याने आपले बूट काढले.

"हे घे. आपलं माप एकच आहे. मला आता काय करायचेत? दोराच्या टोकाला उभं राहणाऱ्याच्याच पायात ते शोभतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गड्यांनी टेबलं बडवली. साहेब स्वतः उठून उभे राहिले, मग सगळेच उठले. लंबू तेवढा बसून होता.

खुंट्याने दोन्ही हात पुढे करून बूट घेतले. घेताना तळ वर आले. टाचांखालचं घासलेलं लोखंड खिडकीच्या उजेडात लख्ख चमकलं. त्याने झटकन तळ स्वतःकडे फिरवले आणि बूट छातीशी कवटाळले. शर्टाला मैदानाचा चिखल लागला.

"अरे, छातीशी काय धरतोस?" पहार म्हणाला. "पायात घाल. सगळ्यांना बघू दे."