टेकडीची साद

“बाबा, त्या दिवशी गोळ्या किती उडाल्या?”

आइलीनं रश्श्यात पाव बुडवता बुडवता विचारलं. प्रश्न तिचा नव्हताच. शाळेच्या बसमध्ये ब्रिटानं तिला डिवचलं होतं. “हिंमत असेल तर घरी एवढंच विचार. आणि विचारताना बापाच्या तोंडाकडे बघ.” मागच्या सीटवरच्या पोरी खिदळल्या होत्या. यात हिंमत कसली लागते, हे आइलीला कळलं नव्हतं.

तिनं बघितलं. तिच्या बापाचा, रुडी कांगासचा, चमचा तोंडापाशी जाऊन थांबला.

“एक,” तो म्हणाला. “तुझी. अख्ख्या गावाला माहीत आहे.”

अख्ख्या गावाला माहीत होतंच. आइलीनं स्वतः सांगितलं होतं. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, दातांच्या डॉक्टरकडे तर तोंडात कापूस असतानासुद्धा! पंधराव्या वर्षी पहिलं हरीण. दहा टोकांची शिंगं. एक गोळी. आणि गोळी सुटल्याबरोबर पलीकडच्या टेकडीनं साद दिली, हे सांगताना तिचे दोन्ही हात हवेत जायचे. ती टेकडीची साद आहे, आवाज तिथं आपटून परत येतो, असं मचाणावर तिच्या मागं बसलेल्या बाबांनीच तिला सांगितलं होतं.

मंगळवारी गावसभा होती. अठराच्या आतल्या कुणी बंदूक घेऊन गावच्या जंगलात एकटं जायचं नाही, असा ठराव येणार होता. शिकारी क्लब खवळला होता. आज पोरांच्या हातातून काढतील, उद्या आपल्या, असं जो तो म्हणत होता. ठरावाच्या विरोधात आइली बोलणार होती. रुडी भेटेल त्याला सांगत सुटला होता, “माझ्या पोरीकडे बघा. तिला लागतंय का कुणी सोबत?”

“ब्रिटाच्या काकांचा कॅमेरा होता म्हणे तिथं,” आइली म्हणाली. “जनावरं टिपायला झाडाला बांधलेला. रस्ता बर्फात गेला आणि कॅमेरा हिवाळाभर तिथंच राहिला. काल काढला त्यांनी. ब्रिटा व्हिडिओ पाठवणार आहे.”

आई उठली आणि तिनं नळ सोडला. भांडी सगळी अजून टेबलावरच होती.

फोन किणकिणला. आइलीनं तो मिठाच्या बाटलीला टेकवून उभा केला, तिघांना नीट दिसेल असा. तिचाच तर पराक्रम होता.

हरीण उभं होतं. काय देखणं होतं! धाड. त्याच्या मागच्या बर्चच्या झाडाची साल उडाली, पाठीच्या चांगली हातभर वर. हरणानं मान उचलली. धाड. हरीण कोसळलं.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा बर्चची साल उडाली. पुन्हा हरीण दुसऱ्या आवाजाला पडलं.

खाली ब्रिटानं लिहिलं होतं, ‘टेकडीचा नेम भारी आहे हं!’

आइलीचे कान तापले. चाप ओढताना तिचे डोळे मिटले होते, आणि धडाक्यानं कान बधिर झाले होते. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. पेट्रोल पंपावरचा माणूस, डॉक्टर, चर्चमधल्या सगळ्या बाया तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. आता त्यांच्यासमोर जायचं कुठल्या तोंडानं?

“आई, तुला माहीत होतं?”

“मांस मीच कापलं ना,” आई नळाकडे बघत म्हणाली. “गोळी हाताला लागली. तुझी बारीक असते. ती बाबांची होती.”

आइलीला ओरडायचं होतं. आवाज मात्र भलताच बारीक निघाला. “चुकला असता नेम तर चुकला असता. शर्ट कापला असता, बस!”

क्लबची रीतच होती ती. हरणावरचा नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव घालायचं आणि क्लबच्या भिंतीवर ठोकायचं. भिंत भरली होती तुकड्यांनी.

“तुमचेच दोन आहेत तिथं. मेलात का तुम्ही?”

रुडी ताटलीतल्या बटाट्याशी बोलल्यासारखा बोलला. “पहिला कापला तेव्हा मी तुझ्याएवढाच होतो. सगळे हसले. माझा बाप सगळ्यांत मोठ्यानं हसला. मचाणावर तुझे हात थरथरत होते, पोरी. मला राहवलं नाही.” मग आणखी हळू म्हणाला, “आणि तू नाचायलाच लागलीस. नंतर कुठल्या तोंडानं सांगणार होतो?”

तिला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. पण तो माणूस मान वर करत नव्हता. आई नळ बंद करत नव्हती. आणि तिघांच्या ताटल्यांत त्याच हरणाचं मांस होतं.

आइली उठून खोलीत गेली. त्या दिवशीचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट अंगात घालून आली. स्वयंपाकघरातली मोठी कात्री तिनं बाबांच्या हातात दिली आणि त्यांच्याकडे पाठ केली.

“कापा.”

“अगं, जाऊ दे ना…”

“बाबा. कापा.”

लोकर जाड होती. कात्री दोनदा अडकली. शेवटी तुकडा हातात आला तेव्हा रुडीला तो कुठं ठेवावा ते कळेना.

“मंगळवारचं मी बघतो,” तो घाईनं म्हणाला. “क्लबात सांगतो, तुला ताप आलाय म्हणून.”

आइलीनं तो तुकडा त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

“काही सांगू नका,” ती म्हणाली. “मी जाणार आहे. हाच शर्ट घालून. आधी सगळ्या सभेला पाठ दाखवणार, मग तोंड.”