हलता दात

ब्याण्णव सालचं ते पत्र बापूसो मास्तरांना अजून तोंडपाठ होतं. गगनबावड्याच्या जयसिंगनं, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं, विचारलं होतं, ‘साक्षी सहाची झाली, दात हलतोय. गावच्या शाळेत घालू, का कोल्हापुरात इंग्रजी शाळेत?’ आपला सल्ला चुकला तर, या भीतीनं मास्तरांनी उत्तरच टाळलं. दहा वर्षांनी जयसिंग दारात उभा राहिला. त्याचे केस पिकले होते, पण बोट धरलेली साक्षी सहाचीच होती, हलता दात जिभेनं ढकलत. “तुमचं उत्तर न्हाय आलं,” तो म्हणाला, “पोरगी हाय तिथंच ऱ्हायली की.” मास्तर लगेच सल्ला सांगू लागले, तसं जयसिंगनं अडवलं. “तोंडी नको. पत्रानं इचारलंय, पत्रानंच कळवा.” मास्तरांनी लिहिलं, ‘दोन्ही शाळांत बसून बघा. पोरगी जिथं न घाबरता प्रश्न विचारेल, तिथं घाला.’ कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पत्र पडलं. मागून साक्षी म्हणाली, “बाबा, दात पडला.”